कटरवाले मामा मशीन बंद असताना काय करतात

आमच्याकडे श्रीवर्धनच्या पट्ट्यात हल्ली चार घरांआड एक कटर आहे. कटर म्हणजे चेन सॉ, तो पेट्रोलवाला, दोरी ओढून चालू करायचा, ज्याचा आवाज तीन वाड्या सोडून ऐकू येतो. निसर्ग वादळाच्या आधी असं नव्हतं. तेव्हा झाड पाडायचं तर लाकडाच्या ठेकेदाराकडे निरोप पाठवायचा आणि तो त्याच्या सवडीने माणूस आणि मशीन पाठवायचा, बाकी घरचं काम कुऱ्हाड-कोयत्यावर चालायचं. मग ३ जून २०२० ला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि दोन-तीन तासांत माड, पोफळी, आंबे, फणस, जे काही आजेसासऱ्यांच्या काळापासून उभं होतं ते आडवं. रस्त्यात झाडं, घरावर झाडं, विहिरीवर झाडं, लाइटचे खांब झाडांखाली. वर लॉकडाऊन. मजूर गावाला गेलेले, मोबाइलला रेंज नाही, लाइट तर पुढे कित्येक दिवस नव्हती.

रस्ते मोकळे करायला एनडीआरएफची पथकं आली आणि आमच्याकडच्या पोरांनी पहिल्यांदा डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट घालून कटर चालवणारी माणसं बघितली. पोरांनी कटर तेवढा लक्षात ठेवला, हेल्मेट आणि बूट विसरले. नंतर ऑनलाइन पाच-सात हजारांत मिळणाऱ्या चायना मशीन धडाधड यायला लागल्या, बावीस इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), सोबत एक प्लास्टिकची बाटली, नट आवळायचे दोन पाने, आणि कुणी न वाचलेलं माहितीपत्रक. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तर हातोहात मशीन फिरल्या, याचा दीर, त्याचा भाचा, ज्याला दोरी ओढता येते तो ऑपरेटर.

मी सुद्धा त्यातलीच. म्हणजे मोठं मशीन नाही, चौदा इंची पट्टीचं छोटं, आणि फक्त जमिनीवर आडव्या पडलेल्या लाकडाचे तुकडे करायला. उभं झाड मी पाडत नाही, पाडणारही नाही. पण या विषयावर लिहावंसं वाटलं ते आमच्याकडे येतात त्या मामांमुळे. मामा म्हणजे सख्खे नाहीत, अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं. साठीच्या पुढचे, अंगाने काडी, तरुणपणी ठेकेदाराकडे दोघांनी ओढायच्या करवतीवर होते, नंतर मशीनवर गेले, आणि इतक्या वर्षांत हातपाय सगळे जागेवर आहेत, जी या धंद्यात डिग्रीच म्हणायची. मशीनबद्दल मला जे काही कळलं ते मामा मशीन चालवत असताना कमी आणि मशीन बाजूला ठेवलेलं असताना जास्त.

मामा आले की पहिला अर्धा तास काहीच करत नाहीत असं वाटतं. मशीन पडवीच्या कडेला ठेवतात आणि झाडाभोवती फिरतात. एक फेरी खाली बघत, एक फेरी वर बघत. वर म्हणजे शेंड्याकडे, कुठे सुकलेली फांदी अडकून बसलीय का, कारण मशीनच्या हादऱ्याने तीच आधी खाली येते आणि सरळ डोक्यात. लाल मुंग्यांचं घरटं आहे का तेही बघतात, हसू नका, चालू मशीन हातात असताना मानेवर दहा-बारा मुंग्या चावल्या की हात आपोआप सुटतो. मग खोडाला हात लावून बघतात, जुना खिळा आहे का, कपडे वाळत घालायची तार झाडाने गिळलीय का. वाडीतली झाडं म्हणजे लोखंडाचं दुकान असतं, पन्नास वर्षांत कुणी कुणी काय काय ठोकलेलं असतं. मग पायाखालचं साफ करतात, झावळ्या, करवंट्या, दगड, सगळं कोयत्याने ओढून बाजूला. आणि शेवटी लाइटची तार. तुटून पडलेली तार मेलेलीच असणार असं धरून चालायचं नाही, सगळ्या गावाची लाइट गेलेली असली तरी कुणीतरी जनरेटर लावलेला असतो आणि त्याची वीज उलटी लाइनीत येऊ शकते, वायरमन स्वतः येऊन सांगत नाही तोवर तारेवरचं झाड हे मामांच्या लेखी झाडच नाही.

बाहेरगावचा माणूस हे बघून वैतागतो. रोजावर बोलावलंय, मशीनचे वेगळे पैसे देतोय, आणि हा फेऱ्या मारतोय. एकदा आमच्या एका पाहुण्यांनी तसं बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, "भाऊ, करवत होती तेव्हा झाड पाडायला सकाळ जायची, काय विचार करायचा तो ओढता ओढता व्हायचा. आता दोन मिनिटांत पडतं. मग विचार कधी करू, पडल्यावर?"

मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. करवतीने फणस कापताना झाड आधी बोलायचं, बारीक कडकड व्हायची, खाच हळूहळू फाकायची, दोघांपैकी एक तरी हात थांबवून वर बघायचा. दमायलाही व्हायचं, आणि दमलेला माणूस थांबतो. मशीन दमत नाही आणि त्या आवाजात झाडाची कडकड ऐकू येत नाही. म्हणजे वेळ गेला, थकवा गेला, इशारा पण गेला. चेन पूर्ण रेसवर सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते, तिच्यापुढे आपलं "अरे अरे" काय कामाचं. म्हणून हे लोक जे मशीन चालू करायच्या आधी करतात ते नाटक नाही, करवतीबरोबर गेलेला वेळ ते परत आणत असतात.

आता वादळात पडलेल्या झाडाविषयी, कारण आमच्याकडे नव्वद टक्के काम तेच. लोकांना वाटतं उभं झाड धोक्याचं आणि पडलेलं सोपं. मामांचं बरोबर उलट मत आहे. "वहिनी, पडलंय म्हणजे मेलंय असं नाही, त्याच्यात जोर कोंडलेला असतो."

त्याचा अर्थ मला आमच्या फणसाने शिकवला. फणस मुळासकट उपटून आडवा झाला होता, मुळांचा मातीसकट गड्डा भिंतीसारखा उभा आणि त्याच्या मागे माणूस उतरेल एवढा खड्डा. खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि शेजारची पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. मामांनी आल्या आल्या आधी पोरांना हाकललं, ओरडूनच, ते कधी ओरडत नाहीत. मला कारण कळेना. त्यांनी सांगितलं की हा गड्डा आत्ता खोडाच्या वजनाने उचललेला आहे, मी खोड कापलं की वजन जाणार आणि गड्डा आपल्या खड्ड्यात परत जाऊन बसणार. आणि खरंच तसंच झालं. त्यांनी बुंध्यापासून चांगलं दोन हात लांब, बाजूला उभं राहून कापलं, शेवटचे दोन बोटं लाकूड राहिलं असेल, आणि एवढा मोठा गड्डा धाडकन खड्ड्यात जाऊन बसला, बुंधा सरळ उभाच राहिला, पाणी चारी बाजूंना उडालं. प्रत्येक झाड असं करतंच असं नाही, कधी गड्डा पुढे पण कोसळतो, म्हणून कापायच्या आधी तो दोराने बांधून ठेवायचा किंवा टेकू द्यायचा, आणि खड्ड्याच्या बाजूला माणूस तर सोडाच, कुत्रं पण येऊ द्यायचं नाही.

पोफळीची गोष्ट वेगळी. पोफळ बारीक, लवचिक, वादळात ती मोडण्याऐवजी वाकते आणि तिच्यावर एखादा आंबा पडला की तशीच कमानीसारखी दाबली जाते, शेंडा जमिनीला टेकलेला. बघायला किरकोळ, मनगटाएवढी. नवशिका पोरगा पहिल्यांदा तिच्यावरच मशीन घालतो, मोठ्याला हात लावायच्या आधी हे बारीक उडवून टाकू म्हणून, आणि कमानीच्या वरच्या बाजूने कापतो कारण तीच बाजू समोर असते. वरची बाजू ताणलेली, पट्टी टेकली की फटकन सुटते, आणि तोंडावर येते ती पोफळ नाही, चाबूक असतो. मामा कमानीच्या आतल्या बाजूने, जिथे लाकूड दबलेलं असतं तिथे, मशीन हलकं हलकं टेकवून तासल्यासारखं करतात, एकदम आरपार नाही. लाकूड हळूहळू सैल पडतं, पोफळ आपली आपण वाकते. हे करताना ते कमानीच्या आत कधीच उभे नसतात.

कुठल्याही आडव्या लाकडाचा हाच हिशोब. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली, वरून सरळ कापत गेलं तर लाकूड मिटतं आणि पट्टी आत अडकते. आधी वरून थोडं, साधारण एक तृतीयांश, मग खालून वर येऊन उरलेलं. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं मग वरून. आणि उतारावर असाल तर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, खालच्या नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

पट्टी अडकली तर काय करायचं हे पण बघण्यासारखं असतं. पोरं मशीन चालू ठेवून झटके मारतात. मामा मशीन बंद करतात, खिशातून पाचर काढतात, लाकडाची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची नाही कारण चेन लागली तर दात जातात, आणि ती कापात ठोकून लाकूड उघडतात. पुन्हा तेच, मशीन बंद.

ज्या गोष्टीने बरीच माणसं जायबंदी होतात तिला इंग्रजीत किकबॅक म्हणतात, आमच्याकडे "मशीन उडालं" म्हणतात. पट्टीच्या पुढच्या गोल टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला, मागची फांदी असो, गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, चिरा असो, की चेन तिथे अडते आणि सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे, खांद्याकडे. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, ताकदीने धरून ठेवू असं ज्याला वाटतं त्याने ते डोक्यातून काढावं. धोक्याचा भाग जेमतेम चार बोटांचा, पण काम करताना आपलं लक्ष असतं समोरच्या कापावर, आणि टोक असतं पलीकडे, फांद्यांच्या गचपणात, जे दिसतच नाही.

त्यासाठी मशीनवर पुढे ती काळी दांडी असते, पुढच्या हँडलच्या समोर, तिला बरेच जण हात धरायची जागा समजतात किंवा मधे येते म्हणून काढून टाकतात. तो ब्रेक आहे. मशीन उडालं की मनगट तिच्यावर आपटतं, किंवा झटक्यानेच ती पुढे पडते, आणि चेन जागच्या जागी थांबते. थांबते म्हणजे थांबायला पाहिजे, म्हणून मामा रोज काम सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून रेस देतात आणि दांडी पुढे ढकलून बघतात. चेन थोडीशी जरी फिरत राहिली तरी त्या दिवशी ते मशीन चालणार नाही, मग मालक काहीही बोलो.

आणि डावा अंगठा. पुढच्या हँडलला डाव्या हाताची चार बोटं वरून आणि अंगठा खालून, पूर्ण मूठ. अंगठा वर ठेवून धरलं की मशीन उडताना हातातून निसटतं. डावा हात सरळ, मशीन अंगाजवळ, पाय फाकवून, आणि स्वतः पट्टीच्या रेषेत नाही तर जरा डावीकडे, म्हणजे उडालं तरी डोक्याच्या बाजूने जाईल. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच नाही, आमच्याकडचे बरेचसे टाके शिडीचेच आहेत. एका हाताने मशीन आणि दुसऱ्या हाताने फांदी धरणारे महाभाग पण आहेत, रीलमध्ये छान दिसतं ते.

स्टार्ट करायची पद्धत पण रीलवाल्यांनी बिघडवली. हवेत मशीन सोडायचं आणि त्याच वेळी दोरी ओढायची. खरी पद्धत कंटाळवाणी आहे, मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय, पुढच्या हँडलवर डावा हात, मग दोरी. पेट्रोल भरलं तिथे स्टार्ट करायचं नाही, दहा-बारा पावलं लांब जायचं, आणि मशीन गरम असताना भरायचं नाही. बिडीचं मी बोलत नाही, मामा कामावर बिडी कानाला लावून ठेवतात, पेटवत नाहीत.

इंधनाचं थोडक्यात सांगते कारण ते डब्यावर लिहिलेलं असतं. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, चांगल्या ऑइलला पन्नासला एक म्हणजे लिटरला २० मिली, चायना मशीनच्या कागदावर बहुतेक पंचवीसला एक, म्हणजे ४० मिली. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं कोकणच्या दमट हवेशी पटत नाही, पाणी धरतं, म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून, उरलेलं जळेपर्यंत चालवून मग ठेवा. चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी, तिथे लोक गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल ओततात, ते पातळ असतं, चिकटत नाही, वर त्यात घाण. ऑइल चेनपर्यंत पोचतंय का ते बघायला मामा पट्टीचं टोक एखाद्या पांढऱ्या लाकडासमोर वीतभर लांब धरून रेस देतात, लाकडावर ऑइलची बारीक रेघ उठली पाहिजे.

पण मला मनापासून आवडतं ते त्यांचं धार लावणं. दुपारी जेवण झालं की सगळे लवंडतात आणि हे पडवीच्या पायरीवर मशीन मांडीजवळ घेऊन बसतात, पट्टी एका ओंडक्यात अडकवून पक्की करतात, हातात हातमोजे आणि एक गोल कानस. कुठल्या चेनला कुठली कानस ते ठरलेलं असतं, माझ्या छोट्या मशीनला चार मिलिमीटरची, त्यांच्या मोठ्याला ४.८ ची. प्रत्येक दाताला आतून बाहेर, साधारण तीस अंशाच्या तिरक्या रेषेत, दोन किंवा तीन हात, फक्त पुढे जाताना दाब, मागे येताना उचलून. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंचे दात सारखे झाले नाहीत तर मशीन कापताना एका अंगाला वळत जातं. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, दात लाकडात किती खोल शिरणार ते तो ठरवतो, तो चपट्या कानशीने कधीतरी थोडासाच खाली घ्यायचा, मिलिमीटरच्या पाऊण हिश्शापेक्षा पण कमी फरक ठेवायचा असतो. जास्त खाली घेतला की मशीन आधाशासारखं लाकूड खातं, पोरांना वाटतं वा काय कापतंय, आणि तेच मशीन उडायला पण तयार बसलेलं असतं.

धार गेलीय हे कसं ओळखायचं तर खाली पडणारा भुसा बघायचा. धारदार चेन बारीक ढलप्या पाडते, बोटात धरता येतील अशा. बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं की माणूस मशीनवर जोर द्यायला लागतो, वजन टाकतो, आणि लाकूड संपलं की तोल जातो पुढे. बोथट मशीन कमी धोक्याचं असतं हा समज कोयत्याला पण खोटा आणि कटरला तर फारच. माड कापताना तर हे दर तासाला करावं लागतं कारण माडाचं खोड बाहेरून दगड आणि आतून भुसभुशीत, शिवाय त्याच्या धाग्यांच्या गुंतावळ्या चेनच्या झाकणाखाली जाऊन बसतात.

या दातांची एक गंमत सांगते. आधीच्या चेनचे दात करवतीसारखे असायचे, ओरबाडत जायचे, आणि धार लावण्यातच अर्धा दिवस जायचा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ ब्युफर्ड कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता, त्याला १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी दिसली, जी उभं आडवं कसंही लाकूड सहज खात चालली होती. तिचे जबडे त्याने नीट बघितले, डावी-उजवीकडे वळलेले, आणि तशा आकाराचे दात चेनला बसवले. आजची जगातली बहुतेक चेन त्याच चालीची. हे मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे भिरूड." आमच्या आंब्यांना जो भिरूड लागतो, खोडातून भुसा बाहेर टाकत जातो, त्याच जातकुळीतला किडा. ज्याच्यावर आयुष्यभर तार घालून औषध सोडलं त्याच्याच जबड्यावर आपलं पोट चालतं हे कळल्यावर त्यांना फार मजा वाटली, आता ते सगळ्यांना सांगत असतात, थोडं वाढवून.

उभ्या झाडाचं मी लांबून बघितलेलं लिहिते. ज्या दिशेला पाडायचं त्या बाजूला आधी खाच, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत. मग मागून काप, खाचेच्या रेषेपेक्षा जरासा वर, आणि आरपार जायचं नाही, मधे एक पट्टी लाकूड ठेवायचं, जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं. तीच बिजागरी, झाड तिच्यावर वळून पडतं, ती कापून टाकली की झाड कुणाचं ऐकत नाही. झाड हललं की मशीन बंद आणि आधीच मोकळ्या केलेल्या वाटेने तिरकं मागे, सरळ मागे नाही, कारण बुंधा उसळून मागेच येतो. बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. अर्धवट पडून दुसऱ्या झाडावर टेकलेल्या झाडाखाली जायचं नाही आणि ज्याच्यावर टेकलंय ते झाड तर अजिबात कापायचं नाही, लांबून दोर लावून ओढायचं. खूप कललेला आंबा किंवा शिरीष मागून कापताना मधेच उभा चिरतो आणि चिरलेला भाग तोंडाच्या उंचीवर मागे फेकला जातो, त्याला वेगळी रीत लागते, ती लेख वाचून करायची नाही.

कपड्यांवर मात्र मी भांडते, मामांशी पण. हेल्मेट आणि तोंडापुढची जाळी त्यांनी मान्य केली, कानाला आवाज अडवायचं झाकण लावायचं मान्य केलं कारण त्यांना आता कमी ऐकू येतं आणि का ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. संध्याकाळी हाताला मुंग्या येतात, चहाचा कप नीट धरवत नाही, ते वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांचं, त्याला मधे मधे सुट्टी देण्यापलीकडे फार उपाय नाही. पण पायाचं काय. उघडे पाय, खाली हाफ चड्डी, रबरी स्लिपर. कटरसाठी वेगळी पँट मिळते, किंवा पुढून बांधायचं कापड, त्याच्या आत लांब लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की वरचं कापड फाटतं, धागे ओढले जाऊन चेनच्या चाकात गुंडाळतात आणि मशीन क्षणात जाम होतं. पाय कापायच्या आत. वापरलेली एकदा फाटली की फेकायची. चांगली घ्यायची तर चायना मशीनएवढेच पैसे पडतात किंवा जास्त, आणि इथेच सगळं अडतं. मशीन मालकाचं, झाड मालकाचं, पाय मजुराचा. उकडतं, घाम येतो, ही कारणं खरी आहेत, कोकणातल्या मे महिन्यात ती पँट घालून काम करणं शिक्षाच आहे, पण रोज ठरवताना आपण मशीनचे किती, माणसाचे किती, जेवण कोणाकडे इतकं सगळं विचारतो, पायात काय घालणार ते विचारत नाही. मी आता एक जोडी घरात आणून ठेवलीय, बुटासकट. आमच्या वाडीत मशीन चालणार असेल तर ती घालूनच. एकदोघांनी काम सोडलं. मामा घालतात, कुरकुरत, आणि जेवायच्या सुट्टीत पहिलं काम ती काढून वाळत टाकायचं.

चहाचा नियम पण आमच्या घरी त्यांनीच केला. पूर्वी सासूबाई चहा झाला की सरळ जवळ जाऊन मागून हाक मारायच्या. कानाला झाकण लावलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, मग खांद्याला हात. मामांनी त्यांना फार गोड शब्दांत सांगितलं, "आई, मला मागून हात लावलात तर मी वळणार, आणि माझ्याबरोबर हे पण वळणार." आता चहा पायरीवर ठेवायचा आणि समोरून, लांबून, पंचा हलवायचा. ते मशीन बंद करतात, खाली ठेवतात, मग इकडे बघतात. चहा गार होतो, होऊ दे.

एकट्याने कधीच नाही हे सगळेच सांगतात, पण दुसऱ्या माणसाने करायचं काय हे पण त्याला माहीत पाहिजे. रक्त थांबवायला जखमेवर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरायचा आणि काढून काढून बघायचं नाही, भिजला तर त्यावरच दुसरा. हळद, कॉफी, चुना काहीही भरायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेवर नाही तर तिच्या वरच्या अंगाला, जखम आणि धड यांच्या मधे, रुंद पट्टीने करकचून आवळायचं आणि कधी बांधलं ती वेळ लक्षात ठेवायची. १०८ ला फोन. आमच्याकडून मोठं हॉस्पिटल घाट उतरून-चढून लांब आहे, त्यामुळे गाडी कुठे उभी आहे आणि चावी कोणाकडे आहे हे मामा कामाआधी विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं त्यांना घरी सोडायला गाडी हवीय.

सध्या आमच्याकडे एक आंब्याची फांदी लटकलेली आहे, जुन्या गोठ्याच्या वर, गेल्या पावसात चिरलेली, सालीवर धरून आहे. मामांनी दोन फेऱ्या मारल्या, वर बघितलं आणि म्हणाले हे मशीनचं काम नाही, वर चढून दोर बांधून कोयत्या-करवतीने थोडी थोडी उतरवायला लागेल, चढणारी दोन पोरं बघतो, शिमगा झाल्यावर. चुलत दीर म्हणाले कशाला, मी शिडी लावून पाच मिनिटांत उडवतो, त्यांनी पण तेच ऑनलाइनवालं घेतलंय. शिडी मी लपवून ठेवलीय आणि फांदीखाली गाडी लावू नका म्हणून सांगितलंय, पण तिथे सावली चांगली असते, त्यामुळे ते गाडी तिथेच लावतात.